कुलाब्याच्या किनाऱ्यावरील स्त्रिया आणि चारचौघांतील नाव

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास आजवर बहुतांशी संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. शाळा कोणत्या साली निघाली, तीत मुली किती होत्या, पहिली पदवीधर कोण, कोणता कायदा केव्हा संमत झाला, याची नोंद अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक केलेली आढळते. त्या मानाने एका प्रश्नाकडे काहीसे दुर्लक्षच झाले. शिकलेली स्त्री आपले नाव, आपली विद्या व आपली मुद्रा अपरिचितांपुढे ठेवण्यास धजावली ती कशी? शिकणे वेगळे आणि शिकल्याचे चारचौघांत सांगणे वेगळे. पहिली गोष्ट माजघरात, दिव्याच्या उजेडात, पतीच्या किंवा भावाच्या नजरेखाली होऊ शकत होती. दुसरीसाठी अंगण ओलांडावे लागत होते.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. व्यवसायविषयक समाजमाध्यमांवर आपले नाव, छायाचित्र आणि केलेले काम मांडताना आजही कितीतरी उच्चविद्याविभूषित स्त्रिया अडखळतात, लिहिलेला मजकूर पुसून टाकतात. आणि ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे त्याचे निदान करून लोक मोकळे होतात. आधी मनात धैर्य उपजते आणि मग मनुष्य लोकांपुढे येते, असा क्रम या निदानात गृहीत धरलेला असतो. जुन्या साधनांवरून मात्र हा क्रम सिद्ध होत नाही. त्यांत दिसते ते असे की, स्त्रीचे धैर्य तिच्या वाचकवर्गाबरोबर वाढत गेले. प्रथम कोणी वाचले, त्यानंतर कोणी, आणि मजकुरावर हात कोणाचा होता, यावर ते अवलंबून राहिले.

या विधानाची परीक्षा करण्यास कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा, किनारा सोयीचा आहे. रेवसपासून मुरूडपर्यंतच्या या चिंचोळ्या पट्टीत आंग्र्यांचे जुने ठाणे व पुढे इंग्रजी जिल्ह्याचे कचेरीचे गाव असलेले अलिबाग आहे, सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानाची राजधानी मुरूड आहे, आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाची मूळ गावे आहेत. मुंबई खाडीपलीकडे दिसावी इतकी जवळ. त्यामुळे शहरातील नव्या कल्पना येथे लवकर पोहोचत आणि शहरातील माणसे विसाव्यास येथे येत. तीन भिन्न धर्मांच्या, भिन्न सांपत्तिक स्थितीच्या घरांतील स्त्रिया या एकाच किनाऱ्याशी निगडित असून प्रत्येकीचा लोकांपुढे येण्याचा मार्ग निराळा आहे.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकणे इष्ट. याच किनाऱ्यावरील कोळीण डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसत होती आणि गिऱ्हाइकाशी चढ्या आवाजात भाव ठरवीत होती. तिला लोकांसमोर येण्याचे धैर्य कोणी शिकविले नव्हते व शिकविण्याची गरजही नव्हती. तेव्हा ‘स्त्री लोकांपुढे आली’ असे जे आपण लिहितो ते मुख्यत्वे पांढरपेशा व प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांविषयी असते. त्या घरांत नजरेस न पडणे हाच प्रतिष्ठेचा भाग होता. कोळणीचा आवाज बाजारभर ऐकू जाई. परंतु छापील कागदावर तिचे नाव आले नाही. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा विषय नुसते दिसणे हा नसून, आपल्या नावानिशी आणि आपल्या विद्येच्या अधिकाराने दिसणे हा आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना हिचा विवाह १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यातील कारकून गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. विवाहाबरोबर नाव बदलून ती आनंदी झाली. गोपाळराव वयाने बरेच मोठे, बिजवर, आणि पत्नीस शिकवायचेच या हट्टाने पछाडलेले गृहस्थ होते. कल्याणास सासुरवाडीच्या माणसांत हे शिक्षण नीट चालेना, म्हणून त्यांनी अलिबागेस बदली करून घेतली. आनंदीबाईंच्या अभ्यासास सलगपणा आला तो या किनाऱ्यावरच्या गावी. परंतु या शिक्षणाचे चित्र रम्य रंगांत रंगविण्याचे कारण नाही. बालपणी पतीकडून मिळालेला मार आणि सोडून जाण्याच्या धमक्या यांचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून गोपाळरावांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच केला आहे. त्यात कडवटपणाबरोबर कृतज्ञताही आहे, आणि दोन्ही एकाच लेखणीतून उतरल्यामुळे वाचणारा अस्वस्थ होतो. मारून मुटकून शिकविलेल्या मुलीच्या ठिकाणी आत्मविश्वास कोठून यावा, हा प्रश्न येथे सरळ उभा राहतो.

अलिबागेहून हे दांपत्य कोल्हापुरास गेले. तेथून १८७८ साली गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी ते पत्र, ख्रिस्ती होण्याचा उपदेश करणाऱ्या आपल्या उत्तरासह, प्रिन्स्टन येथून निघणाऱ्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले. आनंदीबाईंच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ हा असा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीविषयी दोन पुरुषांचा पत्रव्यवहार सातासमुद्रांपलीकडच्या अपरिचित वाचकांपुढे गेला आणि तिची स्वतःची त्यात एक ओळही नव्हती. तिला दृश्य करण्यात आले. ती स्वतः पुढे आलेली नव्हती. या दोन क्रियापदांतील अंतर चरित्रकारांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

पुढे जे घडले ते योगायोगाने. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो जुना अंक वाचला आणि १८८० मध्ये पत्र पाठविले. उत्तरे आनंदीबाई स्वतः लिहू लागल्या. कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशी मानले. हा केवळ लाघवाचा भाग नव्हे. ज्या समाजात परक्याशी बोलण्याची स्त्रीस मुभा नव्हती तेथे परक्यास नाते देऊन बोलणे शक्य करून घेण्याची ही रीत फार जुनी आहे. गावात आलेल्या बांगडीवाल्या कासारासही बायका मामा म्हणत. आनंदीबाईंनी तीच रीत इंग्रजी पत्रव्यवहारास लावली. हजारो अनोळखी वाचकांपुढे त्यांची जी ओळख पतीने मांडली होती तिला बाजूस सारून, एका वाचकापुरती ती त्यांनी आपल्या हाताने पुन्हा लिहिली. देवधर्म, चालीरीती, बालविवाह, प्रकृती, घरातील दुःखे असे अनेक विषय या पत्रांत येतात आणि एका पत्रातून दुसऱ्या पत्राकडे जाताना लिहिणारीचा स्वर स्थिरावत गेलेला जाणवतो.

मुंबईतील दिवसांची एक आठवण त्यांनीच नमूद केली आहे. हातात पुस्तके, पायांत बूट व मोजे घालून त्या शाळेस जाऊ लागल्या की लोक खिडक्यांतून डोकी काढून पाहत, कोणी गाडी थांबवून पाहत, आणि रस्त्यावरचे लोक त्यांना ऐकू जाईल अशा बेताने हसत. वर्णनात हे सर्व एका थंड उपहासाने आले आहे. जणू लोकांनी डोके बाहेर काढण्याची तसदी घेऊन त्यांच्यावर उपकारच केले. पाहिले जाण्याचा छळ सोसलेल्या व्यक्तीस पाहणाऱ्यांचेच वर्णन करता येऊ लागले, म्हणजे बाजू पालटली असे समजावे.

ही पालटलेली बाजू २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सर्वांच्या समोर आली. गोपाळराव त्या वेळी बंगालमधील श्रीरामपुरास नोकरीवर होते. अठरावे वर्ष पुरे होण्यास महिनाभराहून थोडा अधिक अवधी असलेल्या आनंदीबाईंनी तेथील कॉलेजच्या सभागृहात आपल्या अमेरिकागमनाविषयी इंग्रजीतून भाषण केले. या भाषणाची रचना पाहण्यासारखी आहे. अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय, संकट ओढवल्यास काय कराल, आणि कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे, असे सहा प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. हे प्रश्न त्यांनी कल्पनेने रचलेले नव्हते. गावोगाव, पाणवठ्यावर आणि ओसरीवर त्यांच्यामागे जे बोलले जात होते तेच त्यांनी व्यासपीठावर मांडले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन हे त्यांनी जाहीर केले, म्हणजे वाइल्डर यांच्या १८७९ सालच्या छापील उपदेशासही प्रत्युत्तर मिळाले. जी मुलगी नियतकालिकात विषय म्हणून अवतरली होती ती चार वर्षांनी वक्ता झाली. या चार वर्षांत घडले काय, तर एका मावशीस लिहिलेली पत्रे. याहून अधिक नाट्यमय कारण शोधण्याची गरज दिसत नाही.

त्याच दशकातील दुसरे उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर जी दोन गाजलेली पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने. नाव झाकल्यामुळे त्यांना मोठ्या वाचकवर्गापुढे निर्भयपणे लिहिता आले. पुढे दादाजी भिकाजी खटल्याने ते नाव साऱ्या देशास ठाऊक झाले, ते मात्र त्यांच्या इच्छेने नव्हे. आनंदीबाईंनी नाव राखून वाचक एकच घेतला. रखमाबाईंनी वाचक असंख्य घेऊन नाव झाकले. नाव आणि असंख्य वाचक ही दोन्ही ओझी एकदम उचलण्याचे साहस आरंभी कोणीच केले नाही.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्याआधी १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. त्यात त्या, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या दिसतात. हे चित्र अलीकडे समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते आणि स्त्रियांच्या यशाचे प्रतीक म्हणून त्याचा गौरव होतो. गौरव यथार्थ आहे. पण चित्र थोडे अधिक निरखून पाहावे. त्यात वैद्यकीचे एकही उपकरण नाही. पाहुण्या देशांच्या तीन नवलाईच्या स्त्रिया म्हणून त्यांना बसविले आहे. लोकांपुढे येताना आपण कोण म्हणून येतो हे ठरविण्याचा अधिकार आनंदीबाईंना पत्रांत व भाषणात मिळाला होता तितका कॅमेऱ्यापुढे मिळाला नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु पद स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी बोस्टनमध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र व पत्रे वाचकांस उपलब्ध करून दिली. तथापि मराठी घरांत आज त्यांची ओळख आहे ती मुख्यतः श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीमुळे, आणि तिच्या नावात आनंदीबरोबर गोपाळही आहे.

अलिबागेहून दक्षिणेस मुरूडला येताच वातावरण पार बदलते. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली आणि त्यांच्या भगिनी झेहरा व अतिया फैजी या मुंबईच्या सुलेमानी बोहरा समाजातील, बद्रुद्दीन तैयबजींच्या आप्तवर्गातील. वडील हसनअली तुर्कस्तानच्या दरबाराशी व्यापार करीत. अतिया यांचा जन्मही १८७७ साली इस्तंबूलचाच. नाझली बालवयातच नवाबाच्या घरी आल्यामुळे तिघी बहिणींचे मुरूडास जाणे-येणे व राहणे असे. टपाल खात्यातील कारकुनाच्या बिऱ्हाडाशी या राजवाड्याची तुलना होऊ शकत नाही हे उघड आहे. तरीही लोकांपुढे येण्याच्या बाबतीत राजवाड्यापुढील अडचण कमी नव्हती. उलट पडद्याची चाल जितकी वरच्या थरात तितकी कडक, असाच त्या काळचा अनुभव आहे.

तैयबजी-फैजी कुटुंबांत एक चाल होती आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार आहे. कुटुंबाच्या निरनिराळ्या घरांतून ‘अखबार की किताब’ नावाची वही ठेवलेली असे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याने, पुरुषाने, स्त्रीने, मुलानेही, तीत लिहावे. प्रवास, आजार, लग्ने, पावसाची बातमी, वाचलेल्या पुस्तकावरील मत, क्वचित वादविवाद, असे सर्व तीत नोंदले जाई. या कुटुंबाने गुजराती सोडून घरची भाषा म्हणून हेतुपुरस्सर उर्दू स्वीकारली होती; त्या भाषेचा सरावही वहीत होई. एकाने लिहिलेले दुसरा वाची आणि त्याखाली आपले लिही. अलिबागजवळचे किहीम हे या आप्तवर्गाचे आवडते उन्हाळी ठिकाण. याच कुळातील पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास तेथेच केला. निरीक्षण करावे व ते लगेच लिहून इतरांस दाखवावे, ही सवय या कुटुंबात किती मुरलेली होती हे त्यावरूनही कळते.

या वहीत वाढलेली मुलगी लेखक झाली तर आश्चर्य नाही. तिला पहिला वाचक शोधावा लागला नाही. तो घरातच होता, आणि तो हसला तरी त्याचे हसणे घरचे होते. १९०६ साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर अध्यापनशास्त्र शिकण्यासाठी लंडनच्या मारिया ग्रे प्रशिक्षण महाविद्यालयात गेल्या. तेथून त्यांनी बहिणींसाठी जी रोजनिशी लिहून पाठविली तिची जुळवणी झेहरा यांनी केली आणि ती १९०७ मध्ये लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. मुहम्मदी बेगम व त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या या पत्राच्या वाचक बहुतांशी पडद्यातील स्त्रिया होत्या. अशा पत्रांतून लिहिणाऱ्या कितीएक लेखिका ‘अमक्याची कन्या’ वा ‘अमक्याची पत्नी’ अशीच सही करीत. त्यांच्यामध्ये अतिया फैजी हे नाव, आणि त्या नावाखाली लंडनमधील वर्ग, परीक्षा, व्याख्याने, मेजवान्या आणि तेथे भेटलेली नामांकित माणसे यांची हकीकत!

हे लेखन म्हणजे प्रवासवर्णन नव्हे, किंवा नुसते प्रवासवर्णन नव्हे. व्यवसायाचे शिक्षण घेत असलेली एक स्त्री आपल्या प्रगतीचा वृत्तांत आपल्यासारख्या इतर स्त्रियांपुढे आठवड्यागणिक मांडीत आहे, असे त्याचे स्वरूप आहे. आजच्या व्यवसायविषयक समाजमाध्यमांवरील लेखनाशी त्याचे नाते जुळते ते येथे. घरातली वही, त्यानंतर केवळ स्त्रियांचे पत्र, आणि अखेर सर्वांसाठी ग्रंथ, अशा तीन पायऱ्यांनी हा मजकूर बाहेर आला. ग्रंथ १९२१ साली ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने निघाला. मराठी वाचकास या नावावरून मामलेदार कचेरी आठवेल. परंतु येथे तहसील म्हणजे विद्यासंपादन, आणि ‘विद्यार्थिदशेचा काळ’ असा त्याचा भावार्थ. रोजनिशी व ग्रंथ यांत चौदा वर्षांचे अंतर पडले आहे हे विसरू नये. बेगम नाझली यांनीही १९०८ मधील युरोपप्रवासाची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. एका भगिनीने वाट पाडली की दुसरीस ती सोपी होते.

मात्र वाट एकदा पाडली की ती सरळ पुढेच जाते, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. अतिया यांचे शिक्षण आजारपणामुळे अर्धवट राहिले. सुमारे वर्षभराने त्या परत आल्या. १९१२ साली त्यांनी सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी विवाह केला. रहमीन हे बेने इस्रायल समाजातील, म्हणजे मुळात याच किनाऱ्याच्या लोकांपैकी. विवाहप्रसंगी त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि पत्नीचे कुलनाम आपल्या नावास जोडून फैजी-रहमीन असे नाव धारण केले. पतीने पत्नीचे नाव घेण्याचा हा प्रकार त्या काळी किती विलक्षण वाटला असेल! आणि तरीही १९१४ मध्ये लंडनला अतिया यांचा हिंदी संगीतावरील ग्रंथ निघाला तेव्हा त्यावर लेखिका म्हणून ‘शाहिंदा’ हे टोपणनाव असून खरी ओळख कंसात, ‘बेगम फैजी-रहमीन’ अशी आहे. सात वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाने लिहिणारी ही लेखिका येथे अर्धी पडद्याआड गेलेली दिसते. वाचकवर्ग परका, विषय नवा, भाषा इंग्रजी. घरच्या वहीचा आधार येथे उपयोगी पडण्यासारखा नव्हता. १९२५ मध्ये संगीतावरचाच त्यांचा ग्रंथ पुन्हा आला तो अतिया बेगम या नावाने. आत्मविश्वास ही एकदा मिळवून कायमची पेटीत ठेवण्याची वस्तू असती तर मुखपृष्ठावरील नावांची ही ये-जा समजावून सांगणे कठीण गेले असते.

लोकांपुढे येण्याची किंमतही अतिया यांना द्यावी लागली, आणि ती निंदेच्या रूपाने नव्हे. मौलाना शिबली नोमानी आणि महंमद इकबाल या दोन थोर पुरुषांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. इकबालांची पत्रे स्वतः अतिया यांनीच १९४७ मध्ये एका छोट्या इंग्रजी पुस्तकात दिली. परिणाम असा झाला की, उर्दू साहित्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख लेखिका म्हणून कमी आणि थोरांच्या पत्रांची धनीण म्हणून अधिक होऊ लागला. त्यांनी काय लिहिले यापेक्षा त्यांना कोणी काय लिहिले याची चर्चा रंगली. १९४८ साली हे दांपत्य नाझली यांच्यासह कराचीस गेले व १९६७ मध्ये अतिया तेथेच वारल्या. ‘जमाना-ए-तहसील’चा सविस्तर अभ्यास व इंग्रजी अनुवाद होऊन तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे त्या पुन्हा लेखिका म्हणून विद्वानांच्या दृष्टीस पडल्या. मुरूडच्या समुद्राकडे तोंड करून उभा असलेला वाडा पाहणाऱ्या प्रवाशांपैकी मात्र फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असते.

तिसरा मार्ग बेने इस्रायल समाजाचा. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून आले अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर ही नावे नुसती उच्चारली तरी कुलाबा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. यांपैकी हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलामुलींसाठी शाळा काढली. पुढे तीच सर एली कदूरी शाळा झाली आणि १९२२ पासून १९५० पर्यंत तिची धुरा रिबेका रूबेन या विदुषींनी वाहिली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. समाजाच्या वार्षिकाचे संपादनही त्यांनी केले. लहान समाज, प्रत्येक जण दुसऱ्यास ओळखणारा, आणि त्यातच एक शाळा व एक वार्षिक: तैयबजींच्या घरात जे काम वहीने केले ते येथे समाजाच्या संस्थांनी केले असे म्हणता येईल.

याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचा मार्ग पाहिला म्हणजे पहिल्या दोन उदाहरणांतील एक उणीव ध्यानात येते. आनंदीबाईंना व अतियांना परदेशी विद्यालयाचे दार उघडले, परंतु परतल्यावर त्या विद्येने उभे राहण्यास जागा मिळाली नाही. एकीस मृत्यूने मिळू दिली नाही व दुसरीचे शिक्षण पुरे झाले नाही. झिराड यांच्या काळापर्यंत ती जागा तयार झाली होती. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ पासून स्त्री डॉक्टरांकडूनच चालविले जात होते. लहानपणी बहिणीच्या आजारात याच रुग्णालयातील स्त्री डॉक्टर पाहून जेरुशा यांनी वैद्यकी शिकण्याचे मनावर घेतले. म्हणजे आपण पुढे जे होणार ते त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिले होते. आनंदीबाईंना असे पाहायला कोणी मिळाले नव्हते. श्रीरामपूरच्या भाषणातील सहावा प्रश्न, कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्ही का करावे हा, झिराड यांना कोणी विचारण्याचे कारण उरले नाही.

शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या. रखमाबाईही १८८९ मध्ये तेथेच शिकावयास गेल्या होत्या. १९१९ मध्ये झिराड यांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळविली. परतल्यावर दिल्ली, बंगलोर येथे काम करून त्या मुंबईत स्थिरावल्या आणि ज्या रुग्णालयात लहानपणी स्त्री डॉक्टर पाहिली होती त्याच कामा रुग्णालयाच्या प्रमुख होऊन १९४७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. त्यांच्याविषयी लिहिताना धैर्य, साहस, बंडखोरी असले शब्द लेखणीवर येत नाहीत, ही गोष्ट बोलकी आहे. नावामागे पदवी, पदवीमागे रुग्णालय, रुग्णालयात स्त्रियांचाच सहवास आणि सभोवती ओळखीचा समाज, एवढा पाठिंबा असल्यावर लोकांपुढे नाव येणे ही नित्याची बाब झाली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

परंतु किताबापेक्षा एका अहवालाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. मुंबई शहरात बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याची झिराड यांनी चौकशी केली व तीवरील त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. झिराड यांच्या अहवालाच्या लेखिकेने नाव झाकलेले नाही, कंसात घातलेले नाही, किंवा कोणाच्या कन्येचे वा पत्नीचे म्हणून दिलेले नाही. ग्रंथालयाच्या सूचीत तो शोधावयाचा तर झिराड या शब्दाखाली शोधावा लागतो. अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या नावाचे गाव आहे.